ओंकार कंपाउंडरची होडी

मे महिना. सावद्याच्या बसस्टँडमागे
भाड्याच्या खोलीत कूलर,
आवाज जास्त, वारा कमी.
टेबलावर टॅब, टॅबमध्ये माझा गेम:
तापीतून होडी पलीकडे न्यायची,
केळीचे घड भिजू द्यायचे नाहीत. एवढंच.
बोट ठेवायचं, ओढायचं, पैलतीरी सोडायचं.
मी पंधरा सेकंदांत पार करते.

समोर ओंकार भारंबे, डॉक्टरांचे जुने कंपाउंडर.
चाळीस वर्षं त्यांनी अर्ध्या गावाच्या दंडात सुई घातली
आणि सुई कधी गेली ते कुणाला कळलं नाही.
मीही रडले नव्हते म्हणे.
आता त्यांच्या चहाला बशी लागते,
आणि बशीखाली दुसरी बशी.

त्यांनी बोट टेकवलं.
स्क्रीनला ते एक बोट वाटलंच नाही,
तिला वाटलं, सात जण एकदम दार वाजवताहेत.
होडी डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे,
मग थांबा, मग मेनू,
मग ‘बाहेर पडायचं का?’
आणि बोट नेमकं ‘हो’वर.
ते हसले. “हे तं मले घराबाहेर काढू राह्यलं, माय.”

रात्री मी नोंदी उघडल्या.
त्यांची थरथर आलेखावर:
सेकंदाला पाच-सहा हेलकावे, खाली-वर,
जवळजवळ शिस्तीत,
शिलाई मशीनची टीप उसवून ताणावी तशी.
मला वाटलं होतं, गोंधळ दिसेल.
गोंधळ माझ्या कोडमध्ये होता.
मी धरून चालले होते
की बोट म्हणजे टिंब.

मग काढत गेले.
आधी घड्याळ काढलं.
लागोपाठचे स्पर्श एकच मानले.
बटणांमध्ये जागा सोडली,
केळीच्या दोन ओळींत सोडतात तशी ऐसपैस.
‘बाहेर पडा’ला लांबच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं
आणि शेवटी एक गाळणी लावली:
थरथर वर राहील, हेतू खाली उतरेल.
स्वतःवर इतकी खूश झाले
की दीड वाजता पोहे केले.

आठवड्याने ते आले.
होडी निघाली ती रुळावरून जावी तशी.
एक घड भिजला नाही.
मी टाळ्या वाजवणार होते,
पण ते होडीकडे बघतच नव्हते,
हाताकडे बघत होते.
हात तसाच. होडी अशी.

“कोन चालवू राह्यलं हे?”
“तुम्हीच, काका.”
“नाही माय. मी इतका सरळ कधीच नव्हतो.
हात चांगला होता तवाही
सुई जराशी माझ्या मनानं वळायची.
हे तू चालवू राह्यली,
मी नुसतं बोट ठेवलं.”

कूलरचं पाणी संपलं होतं,
कोरड्या वाळ्याचा वास येत होता.
मी काही बोलले नाही.

मग गाळणीला एक पट्टी जोडली,
हवी तेवढी सरकवायची.
तिला नाव देता येईना.
‘कंप-नियंत्रण’ लिहिलं, खोडलं.
‘मदत’ लिहिलं, खोडलं.
‘सोपं’ तर लिहिलंच नाही.
बिननावाची पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.
ती सरकवायलाच त्यांना तीनदा लागलं
(हेही दुरुस्त करायचंय)
आणि निम्म्याच्या जरा अलीकडे त्यांनी ती थांबवली.

होडी हलली, कलली,
दोन घड पाण्यात गेले.
“गेले,” ते म्हणाले,
आणि खुर्ची पुढे ओढली.
पुढच्या खेपेला एकच गेला.
त्याच्या पुढच्या खेपेला तीन,
तेव्हा त्यांनी एक शिवी हासडली,
जी दवाखान्यात कधी ऐकली नव्हती.

नव्या डावाआधी त्यांनी स्क्रीनचा तो कोपरा
अंगठ्याने हळूच पुसला,
टोचण्याआधी कापसाने पुसतात तसा.
होडीला तोच स्पर्श वाटला.
ती निघाली.